शालूबाईला न्यायला आलेली माणसं

शिरगावची माणसं शालूबाईला न्यायला आली, तेव्हा शालूबाईला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं.

मेलेल्या बाईला न्यायला येतात म्हणजे काय, असं कुणीही विचारील. सवितानेही तेच विचारलं, फक्त तिच्या विचारण्यात कुतूहल नावाला नव्हतं. सविता ही शालूबाईची भावजय, बजरंगची बायको. माहेर वलवणचं, तोंड तिखट, आणि एखाद्या माणसाबद्दल मत एकदा वाईट झालं की ते पुन्हा चांगलं करून घ्यायची तिला मुळीच हौस नाही. शिरगावच्या त्या घराबद्दलचं तिचं मत ती सोमाटण्याला नांदायला आली त्याच वर्षी कायमचं झालं होतं.

"राजेंद्र भेटला व्हता फाट्यावर," बजरंगने दारात चपला काढता काढता सांगितलं. "दाजींचा पोरगा. ते म्हनत्यात, आक्काचा टाक करायचा. देवात बसवायची तिला."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर मूर्ती. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या शेजारी बसवतात. मग ते माणूस त्या घरचं देव होतं, सणावाराला त्याला निवद दाखवतात, आणि जिवंतपणी त्याला कुणी काय बोललं होतं ते सगळे सोयीने विसरतात.

"कुनाच्या देवात?" सविताने विचारलं. ती भाकरी थापत होती.

"त्यांच्या. आनि कुनाच्या?"

"का? आत्ताच काय उमाळा आला?"

बजरंग घुटमळला. मग एकेक करून त्याने सांगितलं. राजेंद्रच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मेल्या होत्या. त्याच्या बायकोचं दोनदा पोट पडलं होतं. दाजी मोरीत घसरून पडले, खुबा मोडला. म्हणून ते देवऋष्याकडे गेले, आणि देवऋष्याने तांदळाचे दाणे टाकून सांगितलं की घरची पहिली बाई रुसलीय, रागाने हिंडतीय. तिला माहेराहून वाजतगाजत आणा आणि देवात बसवा, त्याशिवाय घराला उतार पडायचा नाही.

"म्हंजे कोंबड्या मेल्या म्हनून वन्संची आठवन झाली," सविता म्हणाली. "वन्सं मेल्या तवा कुनाची आठवन झाली व्हती?"

 न बोलणं हीच बजरंगची उभ्या आयुष्यातली कमाई. तो हातपाय धुवायला गेला आणि सविताने तव्यावरची भाकरी अशी उलटली की तिचा पापुद्राच फाटला.

शालूबाईची हकिगत नव्या माणसाला सांगायची म्हणजे सविताला लाज वाटते. शालूबाईची नव्हे, बाकीच्यांची. कारण शालूबाईला कुणी टाकली नव्हती. कुणी मारलं नाही, हाकललं नाही, रॉकेल ओतलं नाही. लग्न झालं, शिरगावला नांदायला गेली, काही महिने चांगली नांदली, आणि पहिल्या आखाडाला रीतीप्रमाणे माहेरी आली. बजरंग तेव्हा पोरगेला होता, मुराळी म्हणून तोच जाऊन तिला घेऊन आला. आखाड सरला की सासरच्यांनी न्यायला यायचं, ही रीत. ते आलेच नाहीत.

का आले नाहीत, तर फेट्यासाठी. लग्नात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले आणि नवरदेवाच्या आत्याच्या नवऱ्याच्या वाट्याला नुसती टॉवेल-टोपी आली. गर्दीत चुकलं म्हणा, फेटे कमी पडले म्हणा. तो माणूस मांडवात काही बोलला नाही, बुंदी खाऊन, पान खाऊन घरी गेला, आणि घरी गेल्यावर त्याला आपला अपमान झाल्याचं आठवलं. आखाड संपला तसा शिरगावहून निरोप आला: फेट्याचा मान घेऊन या आणि पोरगी आणून घाला. शालूबाईच्या बापाने उलटा निरोप धाडला: रीतीने न्यायला या, दारात फेटा बांधतो. ते म्हणाले आधी फेटा. हे म्हणाले आधी या. दोन्हीकडे मिशांना पीळ, दोन्हीकडे बसून चहा पिणारे सल्लागार, आणि आतल्या खोलीत शालूबाई पिशवी भरून बसलेली.

सोमाटणे ते शिरगाव अंतर ते काय. म्हैस दाव्यातून सुटली तर चरत चरत दुपारपर्यंत तिकडे पोचावी. पण म्हशीला जे जमतं ते लग्नाच्या बाईला जमत नव्हतं. कुणी न्यायला आल्याशिवाय आपल्या पायाने सासरी गेलीस तर या घराचं नाक कापलं जाईल, असं बापाने बजावलं होतं. त्याचं नाक शाबूत राहिलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याने, बाजीरावाने, दुसरी केली. मध्यस्थ म्हणाले, आता काय इलाज नाही. इलाज रस्त्यावरून चालत यायचा होता, तेवढाच कुणी केला नाही.

आत्याचा तो नवरा पुढे दोन-चार वर्षांतच वारला. "त्याला जाळताना तरी फेटा बांधला का न्हाई?" असं सविता कधी चिडून विचारायची, आणि शालूबाई हसायची.

शालूबाई हसायची, हे सविताला सुरुवातीला खरंच वाटेना. लग्न करून आली तेव्हा तिला धास्ती होती, की घरात अशी नणंद म्हणजे डोक्याला ताप. रडेल, धुसफुसेल, दुसऱ्याच्या संसाराला नजर लावील. शालूबाईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी सकाळी कामावर जाती ती सांच्याला येती. माझा चा मला करता येतो. तुजं नवऱ्याशी भांडान झालं तर मला मधी वढू नगं. तू बराबर असनार हे मला आत्ताच ठावं हाय, बजाला मी वळखती."

काम होतं गुलाबाच्या पॉलीहाऊसवर. प्लास्टिकच्या त्या भल्या मोठ्या तंबूत आत शिरलं की घाम फुटतो. साडीवर पुरुषी शर्ट घालून, हातमोजे चढवून सकाळी गुलाब कापायचे, मग टेबलाशी उभं राहून दांडीच्या लांबीप्रमाणे निवडायचे, जुड्या बांधायच्या आणि थंड खोलीत ठेवायच्या. फेब्रुवारीच्या तोंडाला तर बायांना पाठ ताठ करायला सवड नसे. त्या गुलाबांबद्दल शालूबाईला आयुष्यभर तुच्छता वाटली. "लांब दांडीचं फूल धाडलं की म्हनं लय पिरेम," ती जुडीला रबर लावल्याचा अभिनय करत म्हणायची. "फूल कोन बी धाडतंय. सोता येतो का बघा म्हनावं." आणि स्वतःच आधी हसायची.

गुरुवारी मात्र ती फार बोलत नसे. गुरुवारी शिरगावच्या साईबाबांच्या मंदिराला गाड्यांची रीघ लागते आणि घर पडलं रस्त्याच्या कडेला. सुट्टी असली की शालूबाई ओट्यावर गहू निवडत बसायची. पुण्याची नाहीतर मुंबईची एखादी बाई गाडीची काच खाली करायची, काळा चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "शिरगाव?"

"ह्योच रस्ता," शालूबाई हात करायची. "सरळ."

"समद्या जगाला वाट सांगती मी," एकदा तिने सविताला म्हटलं, आणि पुन्हा सुपातले खडे वेचायला लागली. सविताला तेव्हा त्या गाडीवर, त्या बाईवर, रस्त्यावर, सगळ्यांवर एकदम दगड मारावासा वाटला होता.

मग शालूबाईच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड, मग डॉक्टर म्हणाला डायलिसिस. दिवसाआड तळेगावला जायचं, त्या मशीनला हात द्यायचा, रक्त बाहेर जाऊन धुऊन आत येईपर्यंत पडून राहायचं, आणि परत येताना रिक्षात सविताच्या खांद्यावर मान टाकायची. एक वर्ष नाही, दोन नाही, कितीतरी वर्षं हे चाललं. सविताने बाहेरचं कामही नाही केलं आणि घरचंही धड नाही केलं, तिचं आयुष्य त्या रिक्षात गेलं. याबद्दल तिला कुणी वाहवा केलेली खपत नाही. कुणी म्हणालंच, की नणंदेचं असं कोण करतं हो, तर सविता म्हणते, "तुमी करत न्हाई, येवढं कळलं."

भेटायला येणाऱ्यांची तर तिला शिसारी होती. डायलिसिसच्या माणसाला काय चालत नाही ते दारावर लिहून लावावं असं तिला वाटायचं. लोक हमखास नारळपाणी घेऊन यायचे, केळी आणायचे, मोसंबी आणायचे, म्हणजे शालूबाईला जे जे विषासारखं ते ते पिशवी भरून. मग खुर्चीवर बसून तिच्याकडे असं बघायचे जसं काही ती आत्ता डोळे मिटणार आहे आणि आपल्याला ते चुकायला नको. ते गेले की नारळपाणी समीक्षा, म्हणजे सविताची मुलगी, पिऊन टाकायची आणि शालूबाई तिच्या गळ्याकडे, घोटांकडे बघत राहायची.

कारण सगळ्यात मोठी बंदी पाण्याची होती. शरीरातून पाणी बाहेर पडतच नाही म्हटल्यावर आत घालायचं मोजून. दिवसाला ठरलेलं पाणी एका बाटलीत भरून सविता तिच्या उशाशी ठेवायची आणि माठाला झाकण घालून त्यावर पाटा ठेवायची. उन्हाळ्यात शालूबाई ओठ चाटत पडायची. तोंड धुताना चोरून दोन घोट घ्यायची, सविता ते बघायची आणि ओरडायची. "पोलीस हाय माझी भावजय," शालूबाई म्हणायची. "मेल्यावर मला एक तांब्या भरून दे, मग तुला सोडती." सविता चिडून म्हणायची, "आधी मरा तर." दोघी हसायच्या, आणि मग सविता मागच्या दारी जाऊन उगीच भांडी घासत बसायची.

ती गेली तेव्हा नवरा जिवंत होता. म्हणजे सवाष्ण गेली. बायका लोटल्या. हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, कपाळभर मळवट भरला, आणि पाया पडायला रांग लागली. भाग्याची गं बाई, अहेव गेली, असं एक जण म्हणाली तेव्हा सविताने तिचा हात धरून तिला बाहेर नेऊन उभी केली. ज्याच्या जिवंत असण्याचं हे भाग्य, तो बाजीराव तिकडे होता, आला नाही. दहाव्यालाही आला नाही. म्हशीच्या दुपारच्या चालीएवढ्या अंतरावरून.

आणि आता टाक.

"तुला पटत न्हाई ते कळतंय मला," रात्री जेवताना बजरंग अखेर बोलला. तो एवढं लांब वाक्य बोलतो तेव्हा समजावं की दिवसभर जुळवलेलं आहे. "पन लग्न झालेल्या बाईचा टाक माहेरच्या देवात बसत न्हाई. आपल्याला बसवता यायचा न्हाई. मग काय तिला अशीच ठिवायची? ना हितं, ना तितं?"

"हे काय व्हतं मग? धर्मशाळा?"

"तसं न्हवं गं. मीच आनली व्हती तिला. मुराळी मीच व्हतो." त्याने भाताचा घास बोटात तसाच धरला. "येकदा तरी कुनी न्यायला आलं, असं व्हईल."

सविताला नवऱ्याची कीव आली, आणि कीव आली की तिचा राग वाढतो. चाळीस वर्षं जे जिवंतपणी नेता आलं नाही ते आता चांदीच्या पत्र्यावर ठोकून नेणार, आणि ह्याला त्यात समाधान. पण देवऋष्याने एक मेख मारून ठेवली होती. माहेरच्या उंबऱ्यावर भावजयीने स्वतःच्या हाताने ओटी भरून टाक द्यायचा. तिने नाही दिला तर बाई येणार नाही. म्हणजे सगळं येऊन सवितापाशी अडलं होतं, आणि ही एकच गोष्ट तिला या सगळ्या तमाशात मनापासून आवडली.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "दारात उभं करती आनि सांगती काय सांगायचं ते. परत नेत्यात तसा टाक."

मधे एकदा राजेंद्रचा फोन आला. कोंबड्यांच्या धंद्यातला माणूस, पण आवाजात तूप. "मामी, मोठ्या आईला काय आवडायचं हो? नैवेद्याला विचारतोय."

मोठी आई. ती जिवंत असताना याने कधी फाट्यावर बघून गाडीचा वेग कमी केला नव्हता. "पानी," सविता म्हणाली.

"नाही, म्हणजे खायला. पुरणपोळी करू का?"

"करा. तुमाला आवडत असंल तर," सविताने सांगितलं आणि फोन ठेवला. त्या माणसांना तिची आवड माहीत नव्हती, रंग माहीत नव्हता, ती कुठल्या कुशीवर झोपायची ते माहीत नव्हतं, आणि तिला देवात बसवायला निघाले होते.

ठरलेल्या दिवशी ते आले. पुढे हलगी आणि सनई, मागे टेम्पो, टेम्पोत सतरंजी आणि सतरंजीवर शिरगावची माणसं. देवऋषी हातात निंबाचा डहाळा घेऊन उतरला. राजेंद्र मोबाईल उभा धरून शूटिंग करत उतरला. बाजीरावाची दुसरी बायको आली नव्हती. निदान तिला तरी लाज आहे, असं सविताला वाटलं. टाक तबकात होता, लाल खणावर. सोनाराने ठोकलेली उभी बाई, हात जोडलेली. अशा बाया त्याने वर्षात पन्नास केल्या असतील. नाक नाही, डोळ्याच्या जागी टिंब. शालूबाईने हात जोडलेले सविताने जन्मात पाहिले नव्हते.

आणि बजरंगने काय करावं? घरातून फेटे आणले. तळेगावहून गुपचूप आणून कपाटात लपवलेले, केशरी, कडक खळीचे. देवऋष्याला बांधला, राजेंद्रला बांधला, टेम्पोवाल्यालाही बांधला. हलगीवाल्याने स्वतःच डोकं पुढे केलं, त्यालाही बांधला. इतकी वर्षं जो एक फेटा अडला होता तो आता सगळ्या आळीला पुरला. सविता दारात उभी राहून बघत होती आणि तिला कळेना की आपण ह्या माणसाशी आयुष्य कसं काढलं.

"द्या वहिनी, भरा ओटी," देवऋषी म्हणाला. "येळ चांगली हाय."

सविता उंबऱ्यात आली. तिने तबक हातात घेतलं. सगळं तिच्या ओठांवर तयार होतं, रात्रभर घोळवलेलं: फेट्याचं, टोपीचं, रिक्षाचं, दहाव्याचं, कोंबड्यांचं. ती तोंड उघडणार तोच टेम्पोच्या मागून एक म्हातारा वॉकर टेकत पुढे आला. बजरंगने टेम्पोआड जाऊन बांधलेला फेटा त्याला मोठा होत होता, भुवयांवर आला होता. तो सारखा एका हाताने वर करत होता.

हा बाजीराव. सविताने त्याला कधी जवळून पाहिलेला नव्हता. तिच्या डोक्यात इतकी वर्षं एक आडदांड, मिशाळ माणूस होता, ज्याच्यावर थुंकायला बरं. हा बुटका, पाणचट डोळ्यांचा, धोतराला डाग पडलेला. हा? ह्याच्यासाठी? सविताचा राग जागच्या जागी आणखी घाणेरडा झाला.

"बाई," तो म्हणाला. त्याला तिला काय म्हणावं ते माहीत नव्हतं. "शालू... आजारात काय बोलायची का? माझ्याबद्दल? लय शिव्या घातल्या असतील."

हलगी थांबली. राजेंद्रने मोबाईल खाली घेतला. देवऋषी पुढे सरकला, कारण त्याचा सगळा धंदा या उत्तरावर होता. शालूबाईचा राग त्यांना हवा होता. राग असला की शांत करता येतो, लिंबू-नारळ देऊन, पुरणपोळी देऊन, पत्र्यावर ठोकून.

आणि सविताला शेवटचा महिना आठवला, जो तिने कुणाला सांगितला नव्हता. बजरंगला नाही, समीक्षाला नाही. शेवटी शेवटी रक्तातलं विष डोक्यात चढलं तेव्हा शालूबाईचा काळ-वेळ सुटला. दुपारी सगळे बाहेर असताना ती कॉटवर उठून बसायची. एका पिशवीत लुगडं, फणी, आणि कुठलंतरी जुनं झंपर भरायची, पदर डोक्यावरून घ्यायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. "आलं का गं कुनी न्यायला?" ती विचारायची. आवाज लाजरा, नव्या नवरीचा. जी बाई चाळीस वर्षं फेट्यावर आणि गुलाबावर हसली, ती. पहिल्या दिवशी सविता म्हणाली, "कोन येनार? झोपा." त्यावर शालूबाईचं तोंड असं झालं की दुसऱ्या दिवसापासून सविता म्हणायला लागली, "येतील वन्सं. निघाले असतील." मग शालूबाई निमूट पडायची, पिशवी छातीशी धरून. शेवटच्या दिवशीसुद्धा तिने तेवढंच विचारलं. पाणी मागितलं नाही, हेच विचारलं.

ते सगळं हिरव्या लुगड्याखाली झाकून सविताने तिला पाठवलं होतं. ही माणसं त्याच्यावर रडतील, व्हिडिओ काढतील, शिरगावभर सांगतील की बघा, शेवटपर्यंत नवऱ्याचा जप करत होती. तो म्हातारा तर त्यावर उरलेलं आयुष्य सुखात काढील.

"न्हाई," सविता म्हणाली.

"न्हाई म्हंजे?"

"तुमचं नाव न्हाई काढलं."

"रागानं," देवऋषी मधे पडला. "रागानं नाव घेत न्हाईत बाया."

"राग यायला मानूस याद असावं लागतं," सविता त्याच्याकडे न बघता म्हणाली. ती बाजीरावाकडे बघत होती. "तिनं लय जनांना शिव्या घातल्या. मला घातल्या, डाक्टरला घातल्या, गुलाबाला घातल्या. तुमी तिच्या ध्यानातच नव्हता. कोंबड्या तुमच्या तुमी मारल्या असतील, तिला दोष नगा देऊ."

बाजीराव उभाच राहिला. फेटा पुन्हा डोळ्यांवर आला आणि या खेपेला त्याने तो वर केला नाही. "येकदा बी न्हाई?" त्याने विचारलं.

"येकदा बी न्हाई."

देवऋष्याने डहाळा हलवला आणि खाली केला. राजेंद्र बापाकडे आणि मग टेम्पोकडे बघायला लागला. आता ही बाई टाक फेकणार, असं सगळ्यांनाच वाटलं असेल. बजरंगने तर डोळेच मिटले होते, हातात उरलेला एक फेटा तसाच.

सविता तबक घेऊन आत गेली. खरं तर तिला दार लावायचं होतं आणि आतून कडी घालायची होती. स्वयंपाकघरात माठ होता, त्याच्यावर अजून सवयीने पाटा ठेवलेला. तिने पाटा उतरवला. पितळी तांब्या घेतला, माठात बुडवला आणि काठोकाठ भरला, इतका की पाणी बाहेर सांडलं. मग तबकातला टाक उचलला, ती नाक नसलेली, हात जोडलेली बाई, आणि तांब्यात सोडली. चांदी तळाला गेली.  तिला त्या माणसांचा अजूनही तितकाच तिटकारा होता, कणभर कमी नाही. पण ती माणसं वाजतगाजत दारात उभी होती, आणि ज्या बाईला विचारायचं ती उत्तर आधीच देऊन गेली होती, रोज दुपारी, पिशवी घेऊन.

तिने खण घेतला, तांदूळ घेतले, नारळ घेतला, हळकुंड घेतलं. पदराने डोळे पुसले आणि पुसताना स्वतःलाच शिवी दिली.

बाहेर येऊन तिने बाजीरावाला वॉकर सोडायला लावला आणि राजेंद्रला त्याला धरायला लावलं. त्याच्या पुढे केलेल्या उपरण्यात तिने ओटी घातली. मग तांब्या दिला, त्याच्या दोन्ही हातांत. पाणी म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडत होतं.

"रोज भरून ठिवायचं तिच्यापुढं," सविता म्हणाली. "मोजायचं न्हाई. पुरणपोळी तुमी खा."

देवऋषी काहीतरी मंत्र पुटपुटायला लागला, तिने त्याला हाताने गप्प केलं. ती वाकली, तांब्यावर, त्या माणसाच्या हातांच्या इतकी जवळ की तिला त्यांचा वास आला. आत पाण्याच्या तळाशी चांदी चमकत होती. सविता कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"आले बघा वन्सं न्यायला. फेटे बांधून आलेत मेले. जावा आता."